लांबांच्या गोष्टीला झील कोण धरणार?

किटवेमधल्या ऑफिसात तिसऱ्या आठवड्यात एक विनोद झाला. माझ्या शेजारी बसणारा सहकारी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. कुणीतरी म्हणालं, "लांबा असून वेळेआधी?" सगळे हसले. तोही हसला. मला काही कळलं नाही, म्हणून चहाच्या वेळी त्याला विचारलं. तो म्हणाला, "जुनाच जोक आहे. लांबा म्हणजे आळशी, रानटी. खाणीत कामाला न जाणारे."

मला हसू आलं नाही. मी संगमेश्वर तालुक्यातला. 'कोकणी माणूस आळशी' हे मी पुण्याच्या हॉस्टेलवर चार वर्षं ऐकलंय, आणि त्यावर हसलोही आहे. न हसणाऱ्याची आणखी खेचतात, हे पहिल्याच वर्षी कळलं होतं.

हा लेख लांबा लोकांकडे गेलेल्या पाहुण्यांबद्दल आहे. शंभर वर्षांपूर्वी गेलेला एक मिशनरी, आज मोबाइल घेऊन आफ्रिकेतल्या गावांत शिरणारे प्रवासी, आणि एका रविवारी जाऊन आलेला मी. तिघांनाही 'पारंपरिक संस्कृती' बघायची होती. कुणाला काय दिसलं आणि कुणाचं काय सुटलं, हे मला तपासून बघायचंय.

आधी ओळख

आपल्याकडे बंजारा समाजाला लमाण, लंबाणी म्हणतात. त्यांचा आणि या लांबांचा काही संबंध नाही. हे लांबा बांटू भाषा बोलणारे. झांबियाचा तांबेपट्टा आणि सीमेपलीकडे काँगोचा कटांगा, असा त्यांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश आणि बेल्जियन सत्तांनी आखलेल्या रेषेनं तो दुभंगला. एन्डोला, लुआन्श्या, किटवे ही खाणींची शहरं उभी राहिली त्यात लांबांची बरीच जमीन आहे. पण शहरांत चालते ती बेंबा भाषा. माझा सहकारीही ऑफिसात बेंबाच बोलायचा. लांबा फक्त आईशी, फोनवर, आवाज खाली करून.

वंश आईकडून मोजला जातो. मुलगा आईच्या कुळाचा, आणि मामाचा शब्द वजनदार. आईच्या बहिणीलाही आईच म्हणायचं. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही.

रील्समधली टोळी

त्या रात्री मी मोबाइलवर 'आफ्रिकन ट्राइब व्हिजिट' टाकून तासभर व्हिडिओ बघितले. कुठल्याही देशातली कुठलीही जमात घ्या, क्रम तोच. धुळीचा रस्ता. मुलं गाडीमागे धावतात. पाहुण्याच्या गळ्यात काहीतरी घालतात. ढोल. पाहुणा नाचतो, चुकतो, सगळे हसतात. मग तो कॅमेऱ्याकडे वळून सांगतो की या लोकांकडे काही नाही, तरी किती आनंदी आहेत.

प्रॉब्लेम खोटेपणाचा नाही. ढोल खरे असतात, हसूही खरं असतं. प्रॉब्लेम असा की हा व्हिडिओ निघण्याआधीच तयार झालेला असतो. ठरलेल्या साच्यात फक्त जमातीचं नाव भरायचं. मी जे काम करतो त्यात याला टेम्प्लेट म्हणतात आणि त्यानं वेळ वाचतो. माणसांच्या बाबतीत वेळ वाचवला की नेमकं काय वाचतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. कारण तासभर बघून झाल्यावर मी सहकाऱ्याला मेसेज केला: "तुमच्या गावी नेशील का? ट्रॅडिशनल काहीतरी बघायचंय."

त्यानं थम्ब्स-अप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी एका पुस्तकाचं नाव. "तुला ट्रॅडिशनल हवंय ना? मग हे वाच. आम्हीही यातच बघतो."

गांधींच्या उशाशी गाणारी मुलगी आणि तिचा भाऊ

पुस्तक होतं क्लेमेंट डोक यांचं 'द लांबाज ऑफ नॉर्दर्न ऱ्होडेशिया', १९३१ सालचं. डोक हे आडनाव कुठंतरी वाचल्यासारखं वाटलं. शोधल्यावर चकित झालो.

१० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये मीर आलमनं गांधींवर हल्ला केला. जखमी गांधींना ज्यांनी आपल्या घरी नेऊन ठेवलं ते बॅप्टिस्ट पाद्री जोसेफ डोक. पुढच्याच वर्षी त्यांनी गांधींचं पहिलं चरित्र लिहिलं. त्या आजारपणात गांधींनी डोक यांच्या मुलीला, ऑलिव्हला, 'लीड, काइंडली लाइट' गायला सांगितलं होतं. गांधींनीच ही आठवण लिहून ठेवलीय. १९१३मध्ये जोसेफ डोक मुलाला, म्हणजे क्लेमेंटला, घेऊन लांबांच्या प्रदेशातलं मिशन बघायला गेले आणि परतीच्या वाटेवर वारले. मुलगा मात्र पुन्हा तिकडे गेला आणि १९२१पर्यंत काफुलाफुता मिशनवर राहिला. ऑलिव्ह १९१६मध्ये गेली, ती पन्नासहून अधिक वर्षं लांबांमध्येच राहिली.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ही मुलगी एक भजन गाऊन पडद्याआड जाते. तिचं बाकी सगळं आयुष्य लांबा भाषेत गेलं, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

डोक यांनी काय ऐकलं

डोक यांच्यावर टीका करणं सोपं आहे. मिशनरी, गोरा, वसाहतीच्या काळातला. ती टीका मी करणार आहेच. आधी त्यांचं मोठेपण सांगतो, कारण ते खरंखुरं आहे.

लांबा ही त्यांनी शिकलेली पहिली बांटू भाषा. सुरुवातीला त्यांना ती येत नव्हती आणि याचा त्यांना त्रास होत होता. ती शिकताना त्यांच्या लक्षात आलं की युरोपीय व्याकरणाच्या खणांत ही भाषा बसत नाही. विशेषतः एका प्रकारच्या शब्दांचं काय करायचं, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. पडण्याचा, चमकण्याचा, शांततेचा, एखाद्या रंगाच्या गडदपणाचा अनुभव थेट आवाजातून उभा करणारे शब्द. आधीचे अभ्यासक त्यांना क्रियाविशेषण किंवा उद्गार म्हणून एका कोपऱ्यात टाकत. डोक यांनी १९३५मध्ये त्यांना 'इडिओफोन' हे नाव दिलं आणि बांटू भाषांमध्ये ती शब्दांची स्वतंत्र जात आहे असं मांडलं. आज जगभरचे भाषाशास्त्रज्ञ हा शब्द वापरतात.

मराठी माणसाला हे वाचताना गुदगुल्या होतात. धपकन, सुळकन, भसाभस. हिरवागार, लालभडक, काळाकुट्ट, पिवळाधमक. 'भडक' हा लालचाच का आणि 'धमक' पिवळ्याचाच का, याचं उत्तर आपल्याकडे नाही, पण अदलाबदल केली की कानाला लगेच खटकतं. माझ्या आजीची सगळी भाषा अशा शब्दांवर चालायची. शाळेत मात्र निबंध 'शुद्ध' करताना बाईंनी पहिल्यांदा हेच शब्द खोडले.

डोक यांचं दुसरं मोठं काम 'लांबा फोकलोअर', १९२७. या संग्रहात गोष्टी, म्हणी, कोडी आहेत आणि भाषांतरासोबत लांबा मूळपाठही आहे. लांबा लोक गोष्टींचे दोन प्रकार मानतात. एक साधी सांगायची गोष्ट. दुसरी अशी, जिच्यात मधूनमधून गाणं येतं आणि ते ऐकणाऱ्यांनी उचलायचं असतं. आपली भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आठवा. तिचं पालुपद सांगणारा एकटा म्हणत नाही, सगळी पोरं ओरडतात. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात तसं. झील धरणारा नसेल तर शाहिराचा दम तिथंच तुटतो.

आता टीका. १९३१च्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच 'चालीरीती आणि श्रद्धा' असं आहे, आणि पुस्तकाचा सगळा जीव खाणींआधीच्या गावात आहे. जन्म, लग्न, शिकार, मरण, पितरं. पण ते छापून आलं त्या सुमाराला लुआन्श्याच्या रोन अँटिलोप खाणीतून तांबं निघायला लागलं होतं. लांबांना राखीव पट्ट्यांत ढकलण्याचं काम त्याआधीच सुरू झालेलं होतं. वाचकाच्या हातात एक स्थिर, पूर्ण, कालातीत 'लांबा' येतो आणि बाहेर खरा लांबा जमिनीवरून उठवला जातोय. रीलवाल्यांचं टेम्प्लेट इतकं वरवरचं, आणि डोक यांचं पुस्तक इतकं कष्टाचं. तरी एका बाबतीत दोन्ही सारखी आहेत: परंपरा म्हणजे आपण यायच्या आधीचं काहीतरी, हे दोघांनीही गृहीत धरलंय.

मुखपृष्ठावर नाव एकच, ही दुसरी गोष्ट. ती आपल्यालाही लागू होते. मोल्सवर्थचा १८३१चा मराठी कोश आपण आजही मानानं वापरतो. त्याला शब्द पुरवणाऱ्या शास्त्र्यांची नावं तुमच्यापैकी किती जणांना सांगता येतील? मला येत नाहीत.

नाग आणि डास

'श्रद्धा' या शब्दावर जरा थांबतो. लुआन्श्याच्या ओढ्यात एक मोठा साप आहे, तिथं राहू नये, असं लांबा सांगत. खाण तिथंच उभी राहिली आणि १९२०च्या दशकाच्या शेवटी माणसं पटापट मरायला लागली. मजुरांमध्ये सापाची बोलवा पसरली. कंपनीनं लंडनच्या रॉस इन्स्टिट्यूटला बोलावलं. हे नाव सिकंदराबादला १८९७मध्ये डासात मलेरियाचे जंतू शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसचं. तिथून आलेल्या माल्कम वॉटसन यांनी दलदली उपसून डासांचा बंदोबस्त केला आणि मृत्यू कमी झाले.

साप होता असं मी म्हणत नाही. मारत होते ते डास, आणि ते हटवले विज्ञानानं. पण ती जागा राहण्यासारखी नाही, ही माहिती कुणाकडे आधीपासून होती? ती सापाच्या भाषेत होती म्हणून 'श्रद्धा' या रकान्यात गेली. आमच्या कामात जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र कॉमेंट सापडते, 'ही ओळ काढू नका'. कारण लिहिलेलं नसतं. नवा इंजिनिअर हसतो, ओळ काढतो आणि रात्री दोन वाजता सिस्टिम पडते. तो नवा इंजिनिअर मी एकदा होतो.

रविवार

मसाइटी जिल्ह्यातल्या त्याच्या मावशीच्या गावी आम्ही पोचलो तेव्हा घरात कुणीच नव्हतं. सगळे चर्चमध्ये. आम्ही मागच्या बाकावर बसलो. बायका एकसारख्या चितेंग्यात, कमरेला गुंडाळलेलं ते रंगीत छापील कापड, उभ्या राहून गात होत्या. चार सुरांत, वाद्याशिवाय. भाषा लांबा.

खरं सांगायचं तर मी हिरमुसलो. फोन खिशातून काढलाच नाही. 'हे काही ट्रॅडिशनल नाही' असं मनात आलं.

मग आठवलं की आमच्या वाडीत एकादशीला भजन होतं त्यात पेटी असते. पेटी युरोपातून आली. तिच्यावाचून भजन ही कल्पनाही आम्हाला करवत नाही, आणि कुणी पाहुणा येऊन 'हे अस्सल नाही' म्हणाला तर बुवा त्याला बाहेर काढतील. त्या बायकांच्या पणज्यांपासून हे गाणं चालत आलंय. त्यांच्या हातातलं लांबा बायबलही डोक यांच्याच कष्टातलं, १९५९मध्ये पूर्ण झालेलं. तेही आता परंपरेतच जमा आहे.

मावशी चर्चमधून आल्या, दोन्ही तळवे पोकळ धरून हलक्या टाळ्या वाजवत त्यांनी "म्वाइसेनी" म्हटलं, या, आलात. मग जेवण. मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा, शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी, आणि मुंकोयो, मक्याच्या पेजेत एका झाडाची मुळं घालून आंबवलेलं पेय. आमच्या आंबिलीची लांबची बहीण. न्शिमाचा गोळा लहान होता. २०२४चा दुष्काळ होता तो. फेब्रुवारीतच सरकारनं राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती. मका करपलेला, करिबा धरणाचं पाणी खाली गेलेलं, म्हणून दिवसातला बराच वेळ वीज नाही. मला वाढताना मावशींनी हात आखडला नाही. मी दुसरा गोळा घेतला. सहकाऱ्यानं घेतला नाही, हे माझ्या लक्षात आलं ते परतीच्या वाटेवर.

मी विचारलं, पूर्वी काय पिकवायचे? मावशी म्हणाल्या, ज्वारी, नाचणी. त्यांच्या आजीच्या काळी झाडांच्या फांद्या तोडून, वाळवून, जाळायच्या आणि राखेत पेरायचं. चितेमेने म्हणतात. मी म्हणालो, हे आमच्याकडेही होतं, राब. आजोबा ऐनाचे टहाळ तोडायचे, रचून भाजायचे आणि त्या राखेत नाचणीचं रोप टाकायचे. ही गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायची होती. कुठलं झाड? किती जाडीची फांदी? सरकार काय म्हणायचं? मी सांगितलं, इंग्रजांच्या जंगल खात्याला राब आवडायचा नाही. मावशी हसल्या. "इथंही," त्या म्हणाल्या.

दिवसभरात त्यांनी मला प्रश्न विचारले ते एवढ्याच वेळी. तोपर्यंत मी बघणारा होतो आणि त्या दाखवणाऱ्या.

आळशी कोण ठरवतं

परत आल्यावर सहकाऱ्यानं आणखी एक निबंध दिला. ब्रायन सीगल या मानववंशशास्त्रज्ञाचा, लेरॉय व्हेल यांनी १९८९मध्ये संपादित केलेल्या 'द क्रिएशन ऑफ ट्रायबलिझम इन सदर्न आफ्रिका' या ग्रंथातला. विषयच 'रानटी' आणि 'आळशी' लांबा. हा शिक्का कुठून आला, याचा त्यात शोध आहे.

मला समजलेलं सार असं. खाणी आल्या तेव्हा मालकांना मजूर हवे होते. लांबांच्या दाराशी खाण होती, आणि खाणवस्तीत हजारो तोंडं खायला होती. जीव धोक्यात घालून खाली उतरण्यापेक्षा त्यांना धान्य-भाजी विकणं बऱ्याच लांबांना परवडलं. हिशेब साधा आणि शहाणपणाचा. पण मजूर हवा असणाऱ्याच्या वहीत शेतकरी हा गैरहजर मजूर असतो. लांबून आलेल्या इतर जमातींनी खाणीत जम बसवला, आणि त्यांच्या बोलण्यात मालकांचं मत विनोद बनून उतरलं. पुढं जमीन राखीव पट्ट्यात आकसली, शेती आणखी अवघड झाली, शिक्का मात्र राहिला. शंभर वर्षांनी किटवेच्या एका ऑफिसात, एसी आणि वायफायमध्ये, तो पुन्हा वाजला.

कोकणचं उलट आहे. आमची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, मनीऑर्डरी आल्या, आणि मागे उतारावरच्या चार गुंठ्यांत राबणाऱ्यांना आळशी म्हटलं गेलं. लांबा गेले नाहीत म्हणून आळशी, आमचे उरले म्हणून आळशी. हा निबंध वाचेपर्यंत आमच्यावरचा शिक्का मला स्वभावाचं वर्णन वाटत होता. तो कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी मारलेला असणार हे डोक्यात आलंच नव्हतं.

विहिरीची गोष्ट

त्या रविवारची संध्याकाळ राहिली सांगायची. वीज नव्हती. मुलांनी हट्ट केला म्हणून मावशींनी गोष्ट काढली. कालुलु, म्हणजे चतुर छोटा ससा. दुष्काळ पडतो, सगळे प्राणी मिळून विहीर खणतात. कालुलु खणायला येत नाही. म्हणून त्याला पाणी नाही. मग तो राखणदारांना एकेक करून फसवतो आणि पाणी पिऊन जातो. शेवटी कासव त्याला पकडतं. आफ्रिकेत ही गोष्ट कितीतरी भाषांत सांगतात. पण करपलेल्या मक्याच्या वर्षी, अंधारात, 'काम न करणाऱ्या' सशाला लांबा मुलं ज्या जोरानं दाद देत होती, ते मला कुठल्याही छापील पानात मिळालं नसतं.

मी फोनवर रेकॉर्ड करत होतो. सहकारी माझ्या कानाशी भाषांतर कुजबुजत होता. गाण्याची जागा आली, मुलांनी उचललं. पुढच्या वेळी मावशी थांबल्या आणि सहकाऱ्याला काहीतरी म्हणाल्या. तो हसला. "विचारतायत, पाहुणा गात का नाही?"

मी म्हणालो, मला शब्द येत नाहीत.

"त्या म्हणतात, सशालाही विहीर खणता येत नव्हती."

सगळे हसले. ऑफिसातल्या विनोदासारखाच विनोद, पण या वेळी काम न करणारा मी होतो.

पुण्यात येऊन ते रेकॉर्डिंग ऐकलं. भाषांतर स्वच्छ ऐकू येतं. गाणं त्याच्याखाली दबलंय, शब्द लागत नाहीत. गोष्ट समजावी म्हणून जे केलं त्यानंच गोष्टीतलं गाणं पुसलं. डोक यांच्याबद्दल वर मी जे कडक लिहिलंय ते हे ऐकल्यानंतर थोडं सौम्य केलं. त्यांनी निदान मूळ शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवले. माझ्याकडे तेही नाहीत. शेवटच्या पालुपदाला कुजबुज थांबते आणि एक जाडाभरडा आवाज ठोका चुकवून मागून येतो. तो माझा.

या विषयात शिरायचं असेल तर रूथ फिनेगन यांच्या 'ओरल लिटरेचर इन आफ्रिका' या १९७०च्या ग्रंथापासून सुरुवात करा. २०१२मध्ये वाचकांनी वर्गणी काढून तो सगळ्यांसाठी मोफत करवला. फोनवर उतरवून घेता येतो. मग डोक, मग सीगल, याच क्रमानं. डोक यांच्या गोष्टी वाचताना गाण्याच्या जागी थांबा आणि ते मोठ्यानं म्हणा, शब्द कळले नाहीत तरी.

सहकाऱ्याला मी हा लेख लिहितोय असं सांगितलं. त्यानं मावशींना विचारून निरोप पाठवला: राब भाजायला फांद्या कोणत्या महिन्यात तोडतात, ते त्या दिवशी सांगायचं राहिलं होतं. मलाही माहीत नाही. उद्या गावी काकांना फोन करून विचारणार आहे.